पाण्याची वाट आधी, मग घर

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

आम्ही मीरा-भाईंदरहून बोलतोय. मुंबईत दहिसर संपलं की पुढे आमचं शहर सुरू होतं. इथल्या वस्त्यांमधल्या गटांचं काम आम्ही बघतो. गटाची वही, बँकेचा हप्ता, पापड-मसाल्याची ऑर्डर, शिलाईचं काम, हाच आमचा रोजचा विषय. पण आज कर्ज आणि बचत बाजूला ठेवून पावसाच्या पाण्याबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, शहरातल्या नाल्यांचं आम्हाला काय करायचंय? आमच्याकडे पाणी येत नाही म्हणून रडणं, तुमच्याकडे आलं म्हणून रडणं. खरं आहे. पण एक गोष्ट आधी ऐका. १९८५ सालापर्यंत आमचं हे शहर म्हणजे पाच ग्रामपंचायती होत्या. भाईंदर, मिरे, काशी, नवघर आणि घोडबंदर. त्या वर्षी जून महिन्यात या पाचांची मिळून नगरपालिका झाली. १९९० साली राई-मुर्धे, डोंगरी, उत्तन आणि वर्सावे या चार ग्रामपंचायती त्यात आल्या. २००२ साली महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत आम्ही सव्वापाच लाखांच्या आसपास होतो, २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या वर गेलो. म्हणजे आमच्या गटातल्या सासूबाईंनी जिथे भाताची लावणी केली, तिथेच त्यांच्या नाती आज सातव्या मजल्यावर राहतात. गावाचं शहर व्हायला शंभर वर्षं लागत नाहीत, एका बाईच्या हयातीत होतं. म्हणून आमची चूक तुम्हाला सांगायची आहे. तुमच्या गावाला अजून वेळ आहे.

आता घडलेलं सांगतो. आमच्या एका गटाने शिलाईसाठी तळमजल्यावर एक खोली भाड्याने घेतली होती. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर होती, कापड आणून ठेवलेलं होतं. जुलैचे दिवस, सकाळपासून पाऊस. गटात उत्तनच्या एक कोळीण मावशी आहेत. त्या सकाळीच म्हणाल्या, "आज अमावास्या आहे. उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमाराला भरेल. पाऊस थांबला नाही तर पाणी शिरेल, कापड वर ठेवा." आम्ही हसून सोडून दिलं. म्हटलं, समुद्र तिकडे उत्तनला, आपण इकडे रेल्वेच्या जवळ, भरतीचा काय संबंध?

साडेबाराला मोरीतून पाणी वर यायला लागलं. दारातून नाही, मोरीतून. काळं, गटाराच्या वासाचं. अर्ध्या तासात गुडघाभर झालं. मशीन उचलेपर्यंत तीन मशीनच्या मोटारी गेल्या. खालच्या फळीवरचं कापड गेलं. ते कापड गटाचं नव्हतं, ऑर्डर देणाऱ्याचं होतं. भरपाई गटाने केली. त्या वर्षी आमच्या बायकांना दिवाळीला बचतीतून एक पैसा काढता आला नाही. एकीने मुलीच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात घातले.

आणि हे लक्षात घ्या, त्या दिवशी काही आभाळ फाटलं नव्हतं. दर पावसाळ्यात असे पाच-सहा दिवस येतातच. मग पाणी का शिरलं? त्याचं उत्तर शोधायला आम्हाला दोन वर्षं लागली. ते उत्तर आज तुमच्यापुढे मांडतोय.

पहिली गोष्ट पावसाच्या मापाची. रेडिओवर आपण ऐकतो, इतके मिलिमीटर पाऊस झाला. तुमच्याकडे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी म्हणून पंचनामे होतात, तेव्हा हे माप तुमच्या ओळखीचं आहे. आता हिशेब करा. एका गुंठ्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी? दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. एका एकरावर चार लाख लिटर, म्हणजे चाळीस टँकर. रान असेल, भाताची खाचरं असतील, तर त्यातलं बरंच पाणी मुरतं, उरलेलं बांधाआड थांबतं आणि हळूहळू ओढ्याला लागतं. पण त्याच एकरावर इमारत उभी केली, आवारात फरशी बसवली, रस्ता काँक्रीटचा केला, तर चाळीसच्या चाळीस टँकर एकदम गटाराकडे धावतात. पाऊस तेवढाच, पण पाण्याला वाटेत थांबायला जागा राहिली नाही.

मुंबईची जुनी गटारं इंग्रजांच्या काळात बांधली, तेव्हा तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरला होता आणि त्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल असा हिशेब होता. त्या वेळी तो बरोबरच होता, कारण जमीन मोकळी होती. पुढे जमीन झाकली गेली आणि हिशेब चुकला. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालात सांगितलं की तासाला ५० मिलिमीटर धरा आणि काहीच मुरणार नाही असं समजून गटारं मोठी करा. काम रखडलं. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या राज्यात असे दुष्काळी तालुके आहेत जिथे अख्ख्या वर्षात याच्या निम्मा पाऊस पडतो. त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, कामांना वेग आला. पण किती माणसं गेली, किती संसार वाहून गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

दुसरी गोष्ट भरतीची. आमच्या शहराच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. डोंगरावरचं पाणी उताराने खाली येतं. वाटेत महामार्ग, मग वस्ती, मग रेल्वेचा भराव. त्या प्रत्येक भरावाखालच्या मोरीतून वाट काढत ते खाडीकडे जातं. खाडीला ओहोटी असेल तर पाणी सुटतं. भरती असेल तर खाडीचंच पाणी नाल्यात उलटं शिरतं. मग पावसाचं पाणी जाणार कुठे? ते मागे फिरतं आणि सगळ्यात खालच्या घराच्या मोरीतून वर येतं. आमच्या खोलीत नेमकं हेच झालं.

त्या मावशींनी नंतर आम्हाला कोळ्यांचा हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, पण अंदाज चुकत नाही. साधारण साडेबारा तासांनी पुन्हा भरती. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी सगळ्यात उंच. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती कमी. आता आमच्या गटाच्या खोलीत कालनिर्णय टांगलेलं आहे आणि पावसाळ्यात उधाणाच्या तारखांना लाल खूण असते. त्या दिवशी कापड खालच्या फळीवर ठेवत नाही. शाळा न शिकलेल्या बाईचं ज्ञान आम्ही पदवीधरांनी हसण्यावारी नेलं होतं, त्याची किंमत तीन मोटारी.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती जुन्या माणसांची. आमच्याकडच्या आगरी लोकांची शेती खारजमिनीत. एका बाजूने खारं पाणी, मध्ये भातशेती. त्यांनी काय केलं? खाडीच्या कडेने मातीचे बांध घातले आणि बांधात ठिकठिकाणी उघाडी ठेवली. उघाडी म्हणजे लाकडी झापेचं दार. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या रेट्याने दार आपोआप बंद होतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, पंप नाही. आणि दार बंद असेल तेव्हा आतलं पाणी थांबायला शेतं होती, तळी होती, मिठागरं होती. भात चार तास पाण्यात उभा राहिला म्हणून मरत नाही. खाडीच्या बाजूला तिवरं होती, ती लाटांचा जोर मोडत होती.

म्हणजे तीन गोष्टी होत्या. पाण्याला जायला वाट, भरतीच्या वेळी बंद होणारं दार, आणि दार उघडेपर्यंत पाण्याला थांबायला जागा. आज मोठमोठे इंजिनिअर शहरासाठी हेच सांगतात. मुंबईत समुद्राच्या तोंडाशी दारं आणि पंप बसवून हाजी अली, इर्ला अशी पंपिंग स्टेशनं केली. दादर-परळकडे हिंदमाताला दर वर्षी पाणी भरायचं, तिथल्या पाण्यासाठी जवळच्या मैदान-उद्यानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या. जोराच्या पावसात पाणी त्यात साठवायचं आणि भरती ओसरली की बाहेर सोडायचं. चीनमध्ये तर 'स्पंज शहर' असं सरकारी धोरणच आहे. शहराने स्पंजासारखं पाणी शोषून घ्यावं म्हणून तळी, पाणथळ जागा, मुरणारे रस्ते. आमच्या आजे-सासऱ्यांचं शेत हा स्पंजच होता. आम्ही तो भराव टाकून बुजवला आणि आता जमिनीखाली कोट्यवधी रुपयांच्या टाक्या बांधायची वेळ आली.

तिवरांचंही तसंच. लोकांना वाटायचं, नुसता चिखल आणि डास. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरतोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात सांगितलं की तिवरं तोडणं हा माणसाच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे. तिवरांच्या भोवतीची पन्नास मीटर जागाही मोकळी ठेवायची आहे. तरी रात्री डबर टाकणाऱ्या गाड्या येतात, त्यावर आपल्यालाच लक्ष ठेवावं लागतं.

आता नगररचनेबद्दल. हा शब्द ऐकला की बायका म्हणतात, हे साहेब लोकांचं काम. पण नगररचना म्हणजे काय? कुठे घर, कुठे रस्ता, कुठे बाजार, कुठे शाळा आणि कुठे पाणी, हे आधी ठरवणं. आपण चूल मांडताना धूर कुठून जाईल ते बघतो. न्हाणीघर बांधताना उतार कुठे द्यायचा ते बघतो. घराच्या बाईला जे कळतं, तेच शहराला कळायला हवं. शहराचा विकास आराखडा म्हणजे एक मोठा नकाशा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा १९६६ चा आहे. त्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्याला ठरावीक मुदत असते. हरकत द्यायला वकील लागत नाही. साध्या कागदावर आपल्या भाषेत लिहायचं, पोच घ्यायची.

आमच्या शहराचा पहिला आराखडा १९९७ साली मंजूर झाला आणि नव्याचा मसुदा २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. गटाने ठरवलं, आपणही लिहायचं. पण काय लिहायचं, यावरून आमच्या गटातच पहिलं भांडण झालं. ते भांडण सांगितल्याशिवाय आमचं बोलणं पूर्ण होणार नाही.

बैठकीत आम्ही म्हटलं, "नाला अरुंद झालाय, नाल्याच्या काठाची अतिक्रमणं काढा, असं लिहू." सगळ्यांनी माना डोलावल्या. एक बाई मात्र गप्प होती. तिचं घर नाल्याच्या काठालाच आहे. दर पावसाळ्यात सगळ्यात आधी तिच्या घरात पाणी येतं आणि सगळ्यात शेवटी उतरतं. ती उठून म्हणाली, "तुम्ही कागदावर रेघ ओढाल, ती माझ्या चुलीवरून जाईल. मी हौसेनं नाही आले नाल्याकाठी. दुसरीकडे डिपॉझिट द्यायला पैसे नव्हते म्हणून आले. गटात माझे हप्ते कधी चुकलेत का?"

कुणाला काही बोलता येईना. तिचा एकही हप्ता चुकलेला नव्हता. बैठक तशीच उठली.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिलाच बरोबर घेऊन नाला चाललो. वरून खालपर्यंत, एका वहीत लिहीत. आणि जे दिसलं त्याने आमचे डोळे उघडले. झोपड्या होत्या, पण नाल्याचा गळा आवळणाऱ्या इतरही कितीतरी गोष्टी होत्या. कुठे इमारतीची संरक्षक भिंत नाल्यात सरकलेली, कुठे दुकानाची पायरी आणि गाडी चढवायचा उतार नाल्यावर घातलेला. कुठे पाण्याचे नळ आणि केबल आडव्या टाकलेल्या, त्यात प्लास्टिक अडकून बांधच तयार झालेला. एका ठिकाणी वरचा नाला रुंद आणि पुढची मोरी अरुंद, म्हणजे फनेलसारखं. आणि खरं सांगायचं तर त्या प्लास्टिकमध्ये आमच्याच मसाल्याच्या पुड्यांसारख्या पिशव्याही होत्या. अतिक्रमण म्हटलं की गरिबाची झोपडी डोळ्यांपुढे येते, कारण ती लगेच दिसते. पक्क्या भिंतीला कुणी अतिक्रमण म्हणत नाही.

मग आम्ही सूचना लिहिल्या. एक, नाला नकाशात त्याच्या पूर्ण रुंदीने दाखवा आणि गाळ काढायला यंत्र जाईल एवढी वाट बाजूने ठेवा. दोन, उरलेली तळी, मिठागरं, सखल मैदानं भरू नका, पाणी थांबायला ती राहू द्या. तीन, नाल्यातला प्रत्येक अडथळा मोजा, झोपडीही आणि भिंतही. चार, नाल्याकाठच्या कुटुंबाला आधी जवळच घर द्या, मगच हलवा. दूर टाकलं तर धुणीभांडी करणाऱ्या बाईचं काम सुटतं आणि ती पुन्हा दुसऱ्या नाल्याच्या काठाला येते. चौथी सूचना त्या बाईने स्वतःच्या अक्षरात लिहिली. खाली सगळ्यांच्या सह्या, काहींचे अंगठे. पोच गटाच्या फाइलमध्ये आहे. एका कागदाने शहर बदलत नाही, हे आम्हाला कळतं. पण आता नालेसफाईच्या आधी आम्ही ती वही घेऊन जातो, कुठे काय अडलंय ते दाखवतो. मागच्या वर्षी आडव्या केबल निघाल्या. अरुंद मोरी अजून तशीच आहे, तिचा अर्ज दर वर्षी देतो.

आता तुमच्याकडे वळतो. तुमचं गाव लहान असेल, पण खुणा दिसायला लागल्या असतील. रस्त्याकडेला शेत एनए करून प्लॉट पाडलेत का? त्या प्लॉटमधून जाणारा ओढा नकाशावर आहे का, की मुरूम टाकून सपाट केलाय? रस्त्यावर रस्ता चढून जुन्या घरांचे उंबरे खाली गेलेत का? प्रत्येक निधीतून पेव्हर ब्लॉकच येतात का? पुण्याचं उदाहरण बघा. आंबिल ओढा म्हणजे एरवी कुणी वळून बघणार नाही असा ओढा. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्री तो असा आला की शहरात वीसहून अधिक माणसं गेली. ओढा कोरडा दिसतो म्हणून तो मेलेला नसतो. वर्षातून एकदा तो आपली जागा मागायला येतो.

तुम्ही काय करू शकता, ते सांगतो.

पहिलं, ओढा-फेरी काढा. गटातल्या आठ-दहा जणींनी, बरोबर एक म्हातारी आजी. तिला विचारा, पूर्वी पाणी कुठून कुठे जायचं, कुठे थांबायचं, मोठ्या पुराला कुठपर्यंत आलं होतं. ते वहीत लिहा. ओढ्याची रुंदी चार ठिकाणी दोरीने मोजा. प्रत्येक मोरीची रुंदी मोजा. मोरी ओढ्यापेक्षा अरुंद असेल तर तिथे खूण करा, पुढे गोंधळ तिथेच होणार आहे.

दुसरं, हे महिला सभेत मांडा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी असं कायदा सांगतो. ती सहीपुरती होत असेल तर या वर्षी खरीखुरी करा. गावाच्या विकास आराखड्यात, ज्याला आपण जीपीडीपी म्हणतो, ओढ्याचं आणि मोऱ्यांचं काम घालायला सांगा. वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित भाग असतो. तो कशावर खर्च झाला ते विचारा. ठरावात आपलं म्हणणं लिहिलं गेलं का, ते वाचून बघूनच उठा.

तिसरं, पाणी जागेवर मुरवा. सांडपाण्यासाठी शोषखड्डे करा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले, उघडी गटारं बंद झाली आणि डासही कमी झाले. तो पुढे नांदेड पॅटर्न म्हणून गाजला. रोजगार हमीतूनही हे काम होतं. काळ्या चिकण जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, तिथे मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं. विहिरीच्या अगदी जवळ मात्र शोषखड्डा नको. छपराचं पाणी स्वच्छ असतं, ते वेगळं ठेवा, टाकीत घ्या किंवा विहिरीच्या बाजूला मुरवा. हजार चौरस फुटांच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटर पाणी होतं. शहरात तर २०२० च्या बांधकाम नियमावलीने ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला हे बंधनकारक केलंय. गावात कुणी बंधन घालायची वाट कशाला बघायची? आणि अंगणात फरशी घालायचीच असेल तर पूर्ण घालू नका. तुळशीभोवती, झाडाभोवती माती उघडी ठेवा.

चौथं, प्लॉट घेणाऱ्यांना सावध करा. गटातून घरासाठी कर्ज घेणारी मैत्रीण प्लॉट बघायला गेली तर तिच्याबरोबर दोघी जा. गाव नकाशात ओढा बघा. शक्य असेल तर पावसाळ्यातच जागा बघा. उन्हाळ्यात प्रत्येक प्लॉट चांगला दिसतो.

आणि शेवटी, पाणी शिरलंच तर काय करायचं. हे शहर असो की गाव, सगळ्यांसाठी. आधी मेन स्विच बंद करा. हात ओले असतील किंवा पाय पाण्यात असतील तर बोर्डाला हात लावू नका. रेशनकार्ड, आधार, पासबुक, गटाची वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा. ही तयारी मे महिन्यातच करायची. साचलेल्या पाण्यातून चालताना हातात काठी घ्या आणि पुढची जमीन चाचपत चाला. २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात मुंबईत एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पाणी लवकर जावं म्हणून झाकण कधीही उघडू नका. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. पायाला जखम असेल आणि तुम्ही त्या पाण्यातून चालला असाल तर लेप्टोची भीती असते. पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत आरोग्य केंद्रात जा. तिथे प्रतिबंधक गोळी मिळते. ताप आला तर अंगावर काढू नका. बायका घर धुऊन काढण्यात चार दिवस घालवतात आणि पाचव्या दिवशी आजारी पडतात. पुरानंतरचा चिखल काढायला बाईच असते, म्हणून आधी नकाशा ठरवायलाही बाई हवी, एवढंच आमचं मागणं आहे.

मैत्रिणींनो, आमच्या शहराला प्यायचं पाणी दूरच्या गावांकडच्या नद्या आणि धरणांतून येतं. तुमच्या बाजूचं पाणी आम्ही पितो आणि आमच्या दारात पडलेलं पावसाचं पाणी घाण करून खाडीत ढकलतो. हे बोलताना आम्हाला बरं वाटत नाही. तुमच्यासाठी बोलायला बसलो ते याही कारणाने.

आता तुमच्यासाठी काम. गटाच्या येत्या बैठकीत हप्ते झाल्यावर पंधरा मिनिटं काढा आणि तीन प्रश्न विचारा. आपल्या गावात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? गेल्या दहा वर्षांत त्या वाटेत काय काय बांधलं गेलं? आणि पाणी सगळ्यात आधी कुणाच्या घरात शिरतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जी बाई देईल, तिला ओढा-फेरीत सगळ्यात पुढे ठेवा. आम्ही तिला विचारायला विसरलो होतो.

आमची नाल्याकाठची मैत्रीण अजून तिथेच राहते. या वर्षी गटाने तिला कर्ज दिलं आणि तिने घरात दोन फूट उंच सिमेंटचा कट्टा बांधला. पुस्तकं आणि शिधा आता कट्ट्यावर असतो. तिला नवं घर मिळेपर्यंत आम्ही अर्ज देत राहणार आहोत.

 पावसाळा सुखाचा जावो.